३१ डिसेंबरचा पंच आणि पाच लिटरची तोटीवाली बरणी

गेल्या ३१ डिसेंबरला आमच्या पुण्यातल्या घरी चौदा माणसे येणार होती. त्याच्या आदल्या वर्षी प्रत्येकाच्या ग्लासात वेगळे मोजमाप करीत मी रात्री साडेदहापर्यंत ओट्यापाशीच उभा होतो आणि गप्पा फक्त दुरून ऐकल्या होत्या. या वेळी सगळे कॉकटेल आधीच एकत्र करून ठेवायचे आणि पाहुण्यांनी ते हाताने घ्यायचे, असे ठरवून मी पाच लिटरची, खाली तोटी असलेली काचेची बरणी ऑनलाइन मागवली. किंमत १७०० रुपये. बरणीबरोबर लोखंडी तिवई, झाकण आणि बर्फ भरण्यासाठी मधोमध बसणारी प्लॅस्टिकची नळी आली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीच्या बरण्या निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात आणि गुणदोष बहुतेक सारखेच असतात.

आधी बरणीत काय भरायचे होते ते सांगतो, कारण त्यावाचून तिची परीक्षा होत नाही. मी पंच निवडला. या शब्दाचा उगम आपल्याकडच्या ‘पाच’ या आकड्यात आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि मद्य, आंबट, गोड, पाणी किंवा चहा व मसाला ही त्याची पाच अंगे मोजली जातात. व्युत्पत्तीबद्दल वाद आहेत, पण इंग्रजी लेखनातला या पेयाचा अगदी जुना उल्लेख १६३२ सालचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या एका नोकराच्या पत्रातला आहे. म्हणजे मोठ्या भांड्यात एकदाच करून सर्वांनी मिळून पिण्याची ही रीत आपल्याच किनाऱ्यांवरून जगात गेली असे मानायला जागा आहे, आणि आज आपण तीच परदेशी मासिकांतून शिकतो.

कॅरिबियन बेटांवरचे जुने प्रमाण एक वाटा आंबट, दोन वाटे गोड, तीन वाटे मद्य आणि चार वाटे पातळ असे आहे. चौदा जणांना प्रत्येकी दोन ग्लास आणि एक ग्लास १५० मिलिलिटरचा धरला, तर एकूण ४.२ लिटर लागतात. त्यात लिंबाचा रस ४२० मिलिलिटर, साखरेचा पाक ८४०, रम १२६० आणि कोरा चहा १६८० असा हिशेब येतो. हे मिश्रण चाखून पाहिल्यावर ते आमच्या जिभेला सरबतासारखे गोड लागले, म्हणून पाक ५६० मिलिलिटरवर आणला आणि उरलेले माप चहाने भरून काढले. रम म्हणून ओल्ड मंक घेतली. तिच्यात ४२.८ टक्के मद्यार्क असतो आणि तिचा व्हॅनिलासारखा, थोडा जळक्या साखरेचा वास चहाशी चांगला जुळतो. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या पुरतात, वर थोडी उरतेही. मोजून पाहिले तर प्रत्येक ग्लासात ४५ मिलिलिटर रम जाते. पंच गोड आणि गार असल्यामुळे ती जाणवत नाही, आणि म्हणूनच हा आकडा मी चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवला होता.

आता बरणी. पहिला दोष घरी आल्याच रात्री दिसला. तोटीच्या बुडाशी दोन रबरी वायसर असतात, एक आतून आणि एक बाहेरून. सोबतच्या चित्रात ते दोन्ही आतल्या बाजूला दाखवले होते. तसे बसवले तेव्हा सकाळपर्यंत वर्तमानपत्राचे तीन थर भिजले. एक वायसर बाहेर काढून बसवल्यावर गळती थांबली. त्यामुळे अशी बरणी घेणाऱ्याने तिच्यात निदान एक रात्र साधे पाणी भरून ठेवावे, आणि हा प्रयोग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्हे तर आठवडाभर आधी करावा.

दुसरी गोष्ट मापाची. पाच लिटर म्हणून विकलेल्या या बरणीत काठोकाठ ४.८ लिटर मावते. बर्फाची नळी आत सोडली की ४.१ लिटर उरते. त्यातही तोटीचे भोक तळापासून बरेच वर असल्याने शेवटचे सुमारे ४०० मिलिलिटर बाहेर येत नाही, ते बरणी तिरपी करून काढावे लागते, आणि एवढी मोठी काच तिरपी करणे हे रंगात आलेल्या मैफलीत कोणावर सोपवण्यासारखे काम नाही. थोडक्यात, पाच लिटरच्या बरणीतून सरळपणे २४ ग्लास मिळतात. मला २८ हवे होते.

बर्फाची नळी मात्र मनापासून आवडली. एकत्र केलेल्या कॉकटेलमध्ये सर्वांत मोठी अडचण पाण्याची असते. ग्लासात ढवळून केलेल्या पेयात बर्फ विरघळून जे पाणी जाते, ते चवीचाच भाग असते आणि ते आधीच मोजून घालावे लागते. मग त्यात पुन्हा बर्फ टाकला, तर तासाभरात पंचाचे गोडसर पाणी होते. नळीतला बर्फ पेयाला न लागता ते गार ठेवतो. आठ वाजता ठेवलेला पंच दहा वाजताही जवळजवळ पहिल्याच चवीचा होता. नळी नसेल, तर स्टीलच्या डब्यात पाणी गोठवून त्याचा एकच मोठा ठोकळा सोडावा, कारण लहान खड्यांपेक्षा तो फार सावकाश वितळतो.

या बरणीविषयी माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. विक्रेत्याच्या वर्णनात ती ‘आधी करून ठेवण्यासाठी’ म्हटली आहे, आणि त्यासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. ती उंच असल्यामुळे आमच्या फ्रिजमध्ये मधला कप्पा काढल्याशिवाय उभी राहत नाही, आणि सणासुदीच्या दिवसांत, श्रीखंडाचे डबे आणि मॅरिनेट केलेले मटण आत असताना, कप्पा काढायचे घरात कोण ऐकून घेणार? शिवाय झाकण हवाबंद नाही, त्यामुळे फ्रिजमधल्या लसणाचा वास आत जातो. म्हणून मी रम, पाक आणि गार झालेला चहा आदल्या दिवशी एकत्र करून साध्या काचेच्या बाटल्यांत भरून ठेवला. लिंबांची वरची हिरवी साल त्याच्याही आदल्या दिवशी साखरेत चुरून ठेवली होती. तिचे तेल साखरेत उतरते आणि त्या पाकाला रसाने कधीच न येणारा सुगंध येतो. लिंबाचा रस मात्र त्याच दुपारी काढला. पंचवीसएक लिंबे लागली. आदल्या दिवशीचा रस कडवट आणि बोथट लागतो, आणि मिश्रणात पडल्यावर तो दोष लपत नाही. सोडा या बरणीत कधीच भरू नये. तो ग्लासात वरून घालावा, एरवी पहिल्या दोन ग्लासांनंतर त्यातला वायू निघून जातो.

चहा गारच ओतावा, हेही सांगणे भाग आहे. साधी काच एकदम गरम झाली की तडकते. जायफळाच्या बाबतीत मी चूक केली. ते किसून थेट बरणीत टाकले, त्याचा चुरा तळाशी बसून तोटीत अडकला आणि नऊच्या सुमारास पंच थेंबथेंब येऊ लागला. शेवटी काडीने भोक मोकळे करावे लागले. जायफळ ग्लासावर किसावे आणि लिंबाचा रस मलमलच्या फडक्यातून गाळून मगच आत घालावा.

चहाच्या रंगाचे हे पेय दिसायला हुबेहूब आइस टीसारखे असते, आणि तोटी मुलांच्या उंचीवर येते. मी मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी कोकम आगळाचे सरबत स्टीलच्या पिंपात, दुसऱ्या खोलीत ठेवले होते, तरीही सात वर्षांचा एक पाहुणा ग्लास घेऊन बरणीपाशी पोहोचलाच. आपल्या राज्यात रमसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षे आहे, ती या बरणीला ठाऊक नसते. तिच्याजवळ एक जबाबदार माणूस असावा.

निग्रोनीसारख्या कडक कॉकटेलसाठी ही बरणी घेऊच नये. जिन, कँपारी (कडवट इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ (औषधी वनस्पती घातलेली वाइन) प्रत्येकी ३०० मिलिलिटर आणि पाणी १८० मिलिलिटर घेतले, तर दहा ग्लास एका मोठ्या बाटलीत मावतात. ही बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. मी ती फ्रीजरमध्ये ठेवली, तेव्हा पाणी घातल्यामुळे आतल्या पेयाचा बर्फगोळ्यासारखा चुरा झाला. पाण्याशिवाय ठेवलेली दुसरी बाटली मात्र नीट वाहती राहिली.

१ जानेवारीच्या सकाळी तोटी उघडली, तेव्हा तिच्यातला पाक चिकट झाला होता आणि मुंग्यांची रांग तिवईच्या पायापर्यंत आली होती. तोटी पूर्ण सोडवून कोमट पाण्यात धुवावी लागते. रात्रभर लिंबू लागून राहिल्याने तिच्यावरचा चकचकीत मुलामाही एका बाजूने सुटला, तेव्हा कळले की आत साधे प्लॅस्टिक आहे. बोहरी आळीतून मी २८० रुपयांची स्टीलची तोटी आणून बसवली. तिच्यासह आता ही बरणी वाढण्याचे भांडे म्हणून उत्तम आहे, पण मूळ तोटीसकट १७०० रुपये जास्त वाटतात, आणि १२०० रुपयांच्या वर मी तरी ती पुन्हा घेणार नाही.