सेलवर ९९००, काट्यावर २९ ग्रॅम

रात्रपाळीची लाईट असली की उसात दारं धरायला जावंच लागतं. राधानगरी, पन्हाळा, भुदरगडाकडं तर बांधावर गवा उभा असेल हे धरूनच माणूस घरातून निघतो. अशा अंधारात हातातली टॉर्च पाच मिनिटांत मिणमिणायला लागली तर थेट जिवाशी गाठ असते. म्हणून टॉर्चच्या चार्जिंगच्या लिथियम सेलमधली ही फसवणूक बारकाव्यानिशी सांगायला हवी.

करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं कोल्हापुरातल्या एका दुकानातून ‘३००० ल्युमेन’ची (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) म्हणून टॉर्च घेतली. सोबत दोन सेल आणि एक चार्जर. डब्यावर ‘२६६५०’, सेलच्या वेष्टनावर ‘९९०० एमएएच’ (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). पक्कं बिल नाही, कार्डावर पेनानं लिहिलेली सहा महिन्यांची गॅरंटी. फुल मोडला टॉर्च दोन-तीन मिनिटं झगझगीत पेटायची, मग एकदम उतरायची. परत नेल्यावर दुकानदाराचं उत्तर तयार होतं: “दादा, तुम्ही चार्जिंग पुरं करत नाही. रात्रभर लावून ठेवा.” हा सल्ला फसवणुकीपेक्षाही वाईट. कारण पुढे कळेल.

टॉर्चचं मागचं झाकण काढून ती उपडी केली तर आतून आधी पांढरी प्लॅस्टिकची नळी घसरत आली आणि नळीच्या आत १८६५० चा सेल. हे आकडे म्हणजे सेलची मापं असतात. १८६५० म्हणजे जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. शेवटचं शून्य सेल गोल आहे एवढंच सांगतं. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. २६६५० म्हणजे २६ बाय ६५. नळी देणं गैर नाही, दोन्ही साईज चालाव्यात म्हणून कंपन्याही ती देतात. पण पैसे जाड सेलचे घेऊन आत बारका सेल घालणं ही चोरीच.

दोन्ही सेल काट्यावर ठेवले. एक २९ ग्रॅम, दुसरा ४४. अस्सल १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, २१७०० सत्तरच्या आसपास, २६६५० नव्वदच्या. हलका सेल पूर्ण उतरवून, उघड्यावर, शेजारी वाळूची बादली ठेवून कापला (घरी कुणीही हे करू नये, आतलं शॉर्ट झालं तर भडका उडतो). पत्र्याच्या डबीत करंगळीएवढा छोटा सेल आणि बाकी जागेत पांढरी भुकटी. दुसऱ्याचं गुलाबी वेष्टन सोलल्यावर खालच्या टोकाला जुन्या वेल्डिंगचे ठिपके दिसले. म्हणजे तो लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढून, नवं वेष्टन चढवून विकलेला. वजनाची परीक्षा पहिल्याला पकडते, दुसऱ्याला पकडत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्याला पकडायला वेगळी रीत. टीपी४०५६ नावाचं छोटं चार्जिंग सर्किट आणि यूएसबी मीटर, दोन्ही स्वस्तात मिळतात. टॉर्च आपोआप बंद होईपर्यंत सेल उतरवा, मग मीटरमधून चार्ज करा. या सर्किटमध्ये जेवढा करंट आत जातो जवळपास तेवढाच सेलमध्ये जातो, त्यामुळे मीटरवर दिसणारा एमएएचचा आकडा सेलच्या खऱ्या क्षमतेच्या जवळचा असतो. ९९०० लिहिलेला तो जुना सेल १६०० च्या आसपास भरून थांबला. मीटर नसेल तर घड्याळ पुरतं. एक अँपियरनं भरणारा खरा ३००० चा सेल तीन तासांच्या वर घेतो. तुमचा दीड तासात ‘फुल’ दाखवत असेल तर आकडा खोटा.

१८६५० च्या डबीत ९९०० मावतच नाही. या मापात चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास येतो. २१७०० मध्ये ५००० सर्रास मिळतात, काही नवे त्याच्या थोडे पुढे गेलेत. २६६५० एवढा जाड असूनही ५०००-५५०० वरच थांबतो. त्यामुळे १८६५० वर ४००० च्या वरचा आकडा दिसला की दुकानदाराशी वाद घालू नका, सेल खाली ठेवा आणि बाहेर पडा.

आता साईज कशी ठरवायची? इथंच बहुतेक जण एमएएच बघतात आणि अँपियर, म्हणजे सेल एका वेळी किती करंट देऊ शकतो, ते विसरतात. चांगल्या एलईडीला १००० ल्युमेनला ढोबळ १० वॅट लागतात. सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे करंट जवळपास ३ अँपियर. ३००० ल्युमेनला ३० वॅट, म्हणजे ८ ते ९ अँपियर. एवढा करंट जुना सेल देऊच शकत नाही. आतला रोध वाढलेला असतो, ओढ पडली की व्होल्टेज कोसळतं, टॉर्च स्वतःहून मंद होते आणि सेल चटका बसण्याइतका तापतो. त्या शेतकऱ्याच्या टॉर्चला नेमकं हेच होत होतं. १८६५० च घ्यायचा तर ३००० एमएएच, सलग १५ अँपियरचा घ्या. ३५०० वाल्यांपैकी बरेचसे एवढी ओढ सोसत नाहीत. त्याहून बरं म्हणजे टॉर्चच २१७०० ची घ्यायची. माझ्या मते शेतासाठी आज तीच साईज सगळ्यात फायद्याची आहे.

मात्र ५००० चा २१७०० म्हणजे १८ वॅट-तास. ३० वॅटनं तो जेमतेम अर्धा तास चालणार. ‘३००० ल्युमेन, रात्रभर’ म्हणणारा विक्रेता तिथंच उघडा पडतो. सरीत पाणी बघायला ३००-४०० ल्युमेनचा मोड भरपूर होतो, त्यावर साडेचार-पाच तास निघतात. फुल मोड गव्यासाठी राखून ठेवा.

खरा सेल घेऊनही गडबड होते. प्रोटेक्शनवाल्या सेलच्या बुडाशी जादा ओढ पडली की सेल बंद करणारं छोटं सर्किट असतं, त्यामुळे १८६५० ची लांबी ६८-७० मिलिमीटरवर जाते. झाकण दाबून बसवलं की स्प्रिंग चेपते आणि सेलला खड्डा पडतो. असा सेल पुन्हा वापरू नये. हेच सर्किट ५-६ अँपियरला तुटणारं असेल तर मोठी टॉर्च फुल मोडला टाकताच फटकन बंद होते, आणि लोक टॉर्चला दोष देतात. काही टॉर्चना वरच्या टोकाला बटणासारखा उंचवटा असलेलाच सेल लागतो. सपाट टोकाचा घातला तर संपर्कच होत नाही. १४५०० चा सेल दिसायला थेट पेन्सिल सेलसारखा, पण फुल चार्जला ४.२ व्होल्टचा, दीड व्होल्टच्या टॉर्चमध्ये घातला तर आतलं सर्किट जळायची भीती. आणि ३२७०० चे जाड सेल बहुधा ३.२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतात, ते ३.६५ व्होल्टला फुल होतात. ४.२ च्या चार्जरला लावायचे नाहीत.

आता त्या ‘रात्रभर लावून ठेवा’बद्दल. सोबत आलेल्या चार्जरवर मल्टिमीटरनं सेलचं व्होल्टेज तपासलं, तर ४.२ ला थांबायच्या ऐवजी ४.३५ वर जाऊनही करंट चालूच होता. अशा चार्जरवर भुकटी भरलेला सेल रात्रभर, तोही झोपायच्या खोलीत किंवा मोटरच्या पेटीशेजारी, म्हणजे आगीला आमंत्रण. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक खरा आणि एक खोटा घालणंही तसंच. कमजोर सेल आधी संपतो, दुसरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो आणि कमजोर सेल उलटा चार्ज होतो.

विकत घेताना सेलवर किंवा डब्यावर आयएस १६०४६ (अशा सेलसाठीचं भारतीय मानक) आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. छापणारा काहीही छापतो, म्हणून तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानातच टाकून कंपनीचं नाव जुळतंय का पाहा. बिलावर साईज आणि एमएएच दोन्ही लिहून घ्या. हे लिहायला नकार देणारा दुकानदार पुढे गॅरंटीही पाळणार नाही. बिल असेल तर काट्यावरच्या सेलचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तोवर संशयित सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते घराबाहेर, पत्र्याच्या डब्यात ठेवा. तक्रारीत पुरावा म्हणून तेच लागणार आहेत.