संघाचा मानकरी ठरवताना ‘बेसबॉल-रेफरन्स’ किती कामाचे?

आमच्या महाविद्यालयात बेसबॉल संघाच्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा चषक वार्षिक स्नेहसंमेलनाच्या पारितोषिक वितरणात दिला जातो, आणि नाव ठरवण्याची वेळ आली की शेवटच्या सामन्यात ज्याने होमरन मारला त्याच्याकडेच सगळ्यांच्या नजरा वळतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपून बराच काळ लोटलेला असतो, स्कोअरबुक कपाटात कुठेतरी पडलेले असते, आणि प्राचार्यांच्या दालनात चहा येईपर्यंत नाव निश्चित झालेले असते. क्वचित संस्थेतील एखाद्या वजनदार माणसाचा पुतण्या संघात असला, तर चहाचीही वाट पाहावी लागत नाही. या निवडीला हिशेबाचा काही आधार मिळावा या हेतूने मी ‘बेसबॉल-रेफरन्स’ हे अमेरिकी संकेतस्थळ वापरू लागलो. जालना जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाला ते कितपत उपयोगी पडते, एवढ्याच मर्यादेत हे परीक्षण आहे.

गणिताच्या अध्यापनाशी संबंध असलेल्या शॉन फोरमन यांनी २००० साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर १८७१ पासूनच्या अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलची आकडेवारी नोंदणी न करता आणि पैसे न भरता पाहता येते. आपल्या कामासाठी त्यातील सर्वांत उपयोगाचे पान म्हणजे एखाद्या संघाच्या एका हंगामाचे पान होय. उदाहरणार्थ, ‘सिअ‍ॅटल मरिनर्स’चे २०२५ चे पान उघडावे. वरच्या भागात संघातील सर्वाधिक मूल्याचे खेळाडू छायाचित्रांसह ओळीने दिसतात. त्याखाली फलंदाजीचा तक्ता येतो, ज्यात आधी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा), मग पहिला बेस, दुसरा बेस अशा क्रमाने नेहमीचे खेळाडू आणि त्यानंतर राखीव खेळाडू असतात. नावापुढे तारा असला की खेळाडू डावखुरा समजावा. रकान्याच्या शीर्षकावर बोट ठेवले की संपूर्ण तक्ता त्या रकान्यानुसार नव्याने लागतो, आणि होमरनच्या यादीत पहिला असलेला खेळाडू बेसवर पोहोचण्याच्या यादीत कोठे घसरतो हे क्षणात दिसते. निवड समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने हा घसरण्याचा प्रकार एकदा तरी स्वतः करून पाहावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

छायाचित्रांचा क्रम ‘वॉर’ (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट, म्हणजे बदली खेळाडूपेक्षा मिळवून दिलेले जादा विजय) या आकड्यावर ठरतो. फलंदाजी, बेसवरील धाव, क्षेत्ररक्षण आणि तो कोणत्या जागेवर खेळतो हे सर्व धावांमध्ये मोजायचे, त्या जागी सहज मिळू शकणारा साधारण बदली खेळाडू आणला असता तर किती धावा झाल्या असत्या हे वजा करायचे, आणि सुमारे दहा धावांना एक विजय या हिशेबाने उत्तर विजयांत मांडायचे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. यात कॅचर आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) यांना जागेच्या कठीणपणाबद्दल अधिक मिळते, तर नुसती फलंदाजी करणाऱ्याच्या खात्यातून काही धावा कापल्या जातात. सूत्र कसे बनले याचे सविस्तर स्पष्टीकरण संकेतस्थळावरच दिलेले आहे, ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

हा आकडा सर्वांना पटतो असे मात्र नाही, आणि याच संकेतस्थळावरील ‘एमव्हीपी’ म्हणजे लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्काराच्या मतांची पाने चाळली की ते लक्षात येते. २०१२ च्या अमेरिकन लीगच्या पानावर डेट्रॉइटचा मिगेल कॅब्रेरा पहिला आहे. ०.३३० सरासरी, ४४ होमरन आणि १३९ धावा घरी आणणे या तिन्ही बाबींत लीगमध्ये अव्वल राहून त्याने पहिल्या क्रमांकाची २८ पैकी २२ मते घेतली. त्याच्याखालच्या ओळीत माइक ट्राउट आहे आणि त्याचा ‘वॉर’ दहाच्या वर, म्हणजे कॅब्रेरापेक्षा बराच अधिक आहे. मते, गुण आणि हा आकडा एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवल्यामुळे मतदारांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही याचा अंदाज वाचकाला स्वतः बांधता येतो. माझे मत विचाराल तर मी ट्राउटला निवडले असते, कारण सेंटर फील्डमध्ये अडवलेल्या आणि बेसवर चोरलेल्या धावाही शेवटी धावाच असतात.

दोन जाणकार हिशेबनीसांचे उत्तर एक येत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. सिअ‍ॅटलचा कॅल रॅली हा कॅचर असून २०२५ मध्ये त्याने ६० होमरन मारले. ‘फॅनग्राफ्स’ या दुसऱ्या संकेतस्थळाने त्याचे मूल्य नऊच्या वर धरले, तर बेसबॉल-रेफरन्सने ते त्याहून बरेच कमी धरले. कारण कडेला आलेला चेंडू अशा कौशल्याने झेलणे की पंचाने त्याला स्ट्राइक द्यावा, या कॅचरच्या कसबाचे मोल फॅनग्राफ्स हिशेबात घेते आणि बेसबॉल-रेफरन्स घेत नाही. त्या वर्षीचा पुरस्कार ॲरन जजला मिळाला, आणि तोही पहिल्या क्रमांकाच्या मतांत १७ विरुद्ध १३ अशा अटीतटीने. संघाच्या पानावरचा क्रम हा अखेरचा निकाल मानून चषकावर नाव कोरायला देणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

मतदानाची अमेरिकी पद्धत मात्र आपल्याकडे जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. तेथे १९३१ पासून बेसबॉल लेखकांची संघटना हा पुरस्कार देते. आता प्रत्येक लीगसाठी ३० मतदार असतात, प्रत्येक जण दहा नावे क्रमाने लिहितो आणि पहिल्याला १४, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ असे उतरते गुण मिळतात. मतपत्रिका बाद फेरीचे सामने सुरू होण्यापूर्वीच घेतल्या जातात, त्यामुळे अंतिम सामन्यातील एका फटक्याचा निवडीवर परिणाम होत नाही. मतदारांना दिलेल्या निकषांत संघाला झालेला प्रत्यक्ष उपयोग, खेळलेल्या सामन्यांची संख्या, आणि वागणूक, निष्ठा व प्रयत्न यांचाही समावेश आहे, आणि खेळाडू विजेत्या संघातलाच असावा अशी अट नाही. शिकागो कब्ज संघ १९८७ मध्ये आपल्या गटात तळाला राहिला, तरी आन्द्रे डॉसनला पुरस्कार मिळाला होता. आपल्या संघात दहा नावे लिहिणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. तीन नावे आणि ५, ३, १ असे गुण पुरेत, फक्त मतपत्रिका कर्णधार, स्कोअरर, दोन ज्येष्ठ खेळाडू आणि प्रशिक्षक यांनी एकमेकांना न दाखवता शेवटच्या फेरीआधी द्याव्यात.

‘वॉर’ आपल्या संघासाठी काढण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. अमेरिकी संघ हंगामात १६२ सामने खेळतो. आपले सामने बाद पद्धतीचे असल्याने हरला की संघ बॅगा उचलतो, आणि इतक्या थोड्या सामन्यांवर बदली खेळाडूची पातळी ठरवणे म्हणजे हवेत बोट फिरवणे होय. संकेतस्थळाकडून घ्यायची ती मोजण्याची सवय. समजा, एका फलंदाजाने अधिकृत ४० वेळा फलंदाजी करून १६ हिट मारले आणि त्याशिवाय दोनदा त्याला बेस ऑन बॉल (चार चुकीच्या चेंडूंमुळे आपोआप मिळणारा बेस, जो अधिकृत फलंदाजीत धरत नाहीत) मिळाला. त्याची सरासरी ०.४०० दिसते. दुसऱ्याने ३४ पैकी ११ हिट मारले, म्हणजे सरासरी ०.३२४; पण त्याला बारा वेळा बेस ऑन बॉल मिळाला आणि दोनदा चेंडू अंगावर लागून तो बेसवर गेला. बेसवर पोहोचण्याचे प्रमाण काढले तर पहिला ०.४२९ वर राहतो आणि दुसरा ०.५२१ वर जातो. आमच्या स्कोअरबुकात बेस ऑन बॉलची खूण कोपऱ्यात बारीक अक्षरात असते आणि बेरजेच्या रकान्यात ती कोणी आणतच नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा खेळाडू वर्षानुवर्षे टाळ्यांविना घरी जातो.

क्षेत्ररक्षणाबाबत संकेतस्थळाची मदत जवळजवळ होत नाही, आणि दोष त्याचा नाही. काळ्या मातीचे मैदान पावसाळा संपून वाळू लागले की त्याला भेगा पडतात, जमिनीवरून सरळ येणारा चेंडू शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हजवळ अचानक छातीपर्यंत उसळतो, आणि ती चूक खेळाडूची की जमिनीची हे बाकावर बसलेला राखीव खेळाडू स्कोअरबुकात ठरवतो. अमेरिकेत हा निर्णय खास नेमलेला अधिकृत स्कोअरर घेतो. आमच्याकडे ‘एरर’च्या रकान्यावर विसंबण्यापेक्षा कोणत्या मैदानावर सामना झाला ही नोंद पानाच्या डोक्यावर करणे अधिक शहाणपणाचे आहे.

पिचरच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याच्या, बाबतीत मात्र शोहेई ओहतानीचे पान आपल्याला अगदी जवळचे वाटते. मराठवाड्यातील महाविद्यालयीन संघात चांगला हात असलेला मुलगाच पिचिंग करतो आणि तोच तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर फलंदाजीलाही येतो. अमेरिकेत हे फार दुर्मीळ आहे, आणि पिचिंगसाठी तर १९५६ पासून वेगळा साय यंग पुरस्कार आहे. ओहतानीच्या पानावर फलंदाजीचा आणि पिचिंगचा असे दोन तक्ते एकाखाली एक आहेत आणि दोन्हीकडील मूल्याची बेरीज होते. २०२१ आणि २०२३ मध्ये त्याची एकमताने निवड झाली तेव्हा मतदारांसमोर हीच दुहेरी कामगिरी होती. आपल्या पिचरचे दोन तक्ते याच धर्तीवर वहीत आखावेत. मग त्याला वेगळा चषक देण्याची पळवाट शोधावी लागत नाही.

आता उणिवा. मोबाइलवर तक्ता उजवीकडे सरकवत राहावे लागते आणि कोणता आकडा कशाचा हे विसरायला होते. जाहिराती भरपूर आहेत आणि तालुक्याच्या गावी नेटवर्क डळमळीत असताना त्या तक्त्याच्या आधी उघडतात. रकान्यांची नावे इंग्रजी आद्याक्षरांत आहेत. संगणकावर शीर्षकावर माउस नेला की पूर्ण नाव दिसते, परंतु आमचे खेळाडू सारे काही मोबाइलवरच पाहतात. म्हणून नेहमी लागणाऱ्या आठ-दहा रकान्यांचा मराठी तक्ता करून तो क्रीडा विभागाच्या फलकावर लावणे सोयीचे पडते. अधिक खोल शोधासाठी ‘स्टॅटहेड’ ही याच कंपनीची सशुल्क सेवा आहे. वृत्तपत्रात बेसबॉलवर नियमित लिहिणाऱ्यास ती उपयोगी पडेल, पण महाविद्यालयाच्या क्रीडा निधीतून तिची वर्गणी भरण्याचे कारण मला दिसत नाही. त्या पैशांत दोन चांगली स्कोअरबुके आणि काही चेंडू घ्यावेत, आणि स्कोअरबुक लिहायला एकच मुलगा किंवा मुलगी संपूर्ण हंगामासाठी नेमावी.