खिशात मावणारी, मोठ्या अक्षरातली स्तोत्रं: छपाई वाचनीय, निवड घाबरट

बाबा आयसीयूत होते त्या अकरा रात्री बायबलमधल्या स्तोत्रांचं हे छोटं पुस्तक माझ्याजवळ होतं. त्यामुळे नुसतं चाळून नाही, वापरून लिहितेय.

टाइप खरोखर मोठा आहे. रात्री कॉरिडॉरमधले निम्मे दिवे बंद करायचे, तरी चष्मा न शोधता वाचता यायचं. स्प्रिंग बाइंडिंगमुळे ते मांडीवर सपाट उघडं राहतं. एका हातात रिपोर्टची फाइल असली की याची किंमत कळते. स्तोत्र ९१ पूर्ण आहे, सोळाच्या सोळा वचनं. १२१ सुद्धा.

शाई मात्र कच्ची. सॅनिटायझरचा ओला हात लागला की अक्षरं पसरतात. माझ्या प्रतीत ९१ मधलं ११वं वचन, देवदूतांना तुझं रक्षण करण्याची आज्ञा देण्याचं, आता काळा डाग झालंय. (सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागावरून उडी मारायला सांगताना नेमकं हेच वचन पुढे केलं होतं, बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय ४. येशूने उडी मारली नाही.)

खरी तक्रार निवडीची. १५० पैकी चाळीसच घेतलीत, ते ठीक, खिशात मावायला हवं. पण स्तोत्र १३ काढून बघा. वर मथळा 'भरवसा', खाली फक्त शेवटची दोन वचनं. त्याआधी स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा 'कोठवर?' विचारतो, ते गाळून टाकलंय. चौथ्या रात्री व्हेंटिलेटर काढून बघितला, जमलं नाही, परत लावला. डॉक्टर 'उद्या बघू' म्हणून गेले. मला तेव्हा ते 'कोठवर'च हवं होतं. भरवसा आहे म्हणायला तोंड उघडत नव्हतं, विचारायला उघडलं असतं.

आणि ८८ तर घेतलेलंच नाही. त्याचा शेवट अंधारात होतो, तेच नडलं असावं. पण ९१ तरी कुठे संकट टळेल एवढंच म्हणून थांबतं? १५व्या वचनात देव म्हणतो, संकटात मी त्याच्याजवळ असेन. इथे मुखपृष्ठावर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'आता भीती नाही' छापलंय. मी तर अकराही रात्री घाबरलेली होते, आणि प्रार्थनाही करत होते. दोन्ही एकदमच चालू.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन टाइपाचे.

घेणारच असाल तर एक सांगते. शेवटी 'माझ्या प्रार्थना' म्हणून चार कोरी पानं आहेत. तिथे मी मोबाइलवर बघून ८८ उतरवून घेतलं, अठराही वचनं. बॉलपेननेच लिहा, जेलपेन मागच्या बाजूला फुटतं.