४८५ भरून वर्ष होत आलं: 'पेंडिंग' असण्याचा अनुभव

अमेरिकेचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, अजून आलेलं नाही, हे आधीच सांगते. नोकरीच्या कोट्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग कधी सरकते, कधी व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणाचा नंबर लागला हे सांगणारं दर महिन्याचं सरकारी पत्रक) डेट मागेच जाते. पण डेट करंट असताना, म्हणजे आपला नंबर लागलेला असताना, आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अर्ज भरला की ती मागे गेली तरी अर्ज जिवंत राहतो. म्हणून हा रिव्ह्यू कार्डाचा नाही, पेंडिंग असण्याचा.

खर्च दणदणीत आहे. मोठ्या माणसाचे १४४० डॉलर. शिवाय ईएडीचे (काम करायचा परवाना) २६० आणि अॅडव्हान्स परोलचे (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) ६३० वेगळे. वकील, मेडिकल निराळंच. मेडिकल आता अर्जासोबतच जोडावं लागतं. डॉक्टर सीलबंद पाकीट देतात, ते फोडायचं नाही. लहानपणीच्या लसींचं कार्ड आपल्यातल्या कितीजणांकडे असतं? मी रक्ततपासणी करून कोणती प्रतिकारशक्ती आधीच आहे ते दाखवलं, निम्म्या सुया वाचल्या.

खरी दमछाक जन्मदाखल्याची. माझ्या दाखल्यावर 'बाळाचे नाव' हा रकाना कोराच. मधलं नाव बाबांचं, आडनाव माहेरचं, आणि पासपोर्टवर दोन्ही नवऱ्याची! भावाने नगरपालिकेत खेटे घालून नावाची नोंद करून घेतली. आई आणि मोठ्या मामाने प्रतिज्ञापत्रं दिली, विवाहाचा दाखला जोडला. हे काम डेट करंट व्हायच्या आधीच उरका.

फायदा सर्वांत जास्त नवऱ्याला झाला. आधी त्याची नोकरी एच-४ ईएडीवर (जोडीदाराच्या व्हिसावरचा काम-परवाना), म्हणजे माझ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या तारखेला बांधलेली. आता परवाना त्याच्या स्वतःच्या अर्जावर आहे. मी मात्र ईएडी ड्रॉवरमध्ये ठेवून एच-१बीवरच काम करते. उद्या ४८५ नाकारलं, तर पायाखाली काहीतरी हवं. ज्यांना नोकरी बदलायची आहे त्यांनी आय-१४० (कंपनीने आपल्यासाठी भरलेला अर्ज) मंजूर आणि ४८५ पेंडिंग होऊन १८० दिवस झाले की सप्लिमेंट जे हा नव्या नोकरीचा फॉर्म भरावा. नवं काम मात्र त्याच किंवा मिळत्याजुळत्या स्वरूपाचं हवं.

प्रवासाचं नीट समजून घ्या. एच किंवा एल व्हिसा नसताना अॅडव्हान्स परोलशिवाय देश सोडलात, तर ४८५ सोडून दिलं असं धरतात. एच-१बीवर जाऊन परत येता येतं, पण परोलचा अर्ज पेंडिंग असताना गेलात तर तो अर्ज बाद होतो, आणि ६३० डॉलर गेले. आम्ही परोल हातात आल्यावरच पुण्याची तिकिटं काढली.

आणि घर बदललंत तर १० दिवसांत पत्ता कळवा. ऑनलाइन होतं, फुकट आहे. कार्डं पोस्टानेच येतात.