दुबईचं लायसन आधी की आपलं केए-२२ (बेळगाव आरटीओचं)?
दुबईत असलेल्या आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या पोरांचा नेहमीचा घोळ, दोन्ही लायसन एकदम संपायला आली तर आधी कुठलं करायचं. तिथलं सोपं आहे बघा, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे, रिपोर्ट तेच लोक ऑनलाइन चढवतात, दंड थकला असेल तर आधी भरायचा, तो काय सोडत नाहीत, आणि आरटीएच्या, म्हणजे दुबईच्या वाहतूक खात्याच्या, अ‍ॅपवर फी भरली की झालं, पाच वर्षं बघायला नको. आपल्याकडचं मात्र सुट्टीच्या हिशोबानं बसवावं लागतंय. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं, संपल्यावर वर्षभरात केलं तरी चालतं, पण त्याच्या पुढं गेलं की परत ड्रायव्हिंग टेस्ट, म्हणजे गणपतीला आठ दिवस आलेल्या माणसाची सुट्टी आरटीओतच गेली म्हणायची. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए पण लागतोय. माझं विचाराल तर तिथलंच आधी उरका, कारण रेसिडेन्ट व्हिसा लागला की आपलं इंडियन लायसन तिथं चालत नाही, सोबत इंटरनॅशनल परमिट असलं तरी नाही.