बोरिवलीचं नॅशनल पार्क: दारातली गर्दी आणि मागचं जंगल

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल ऑनलाइन दोन प्रकारची मतं सापडतात. एक, 'जंगल कुठाय, नुसती गर्दी'. दुसरं, 'मुंबईचं फुप्फुस'. दोन्ही मतं बहुधा एकाच पट्ट्यावरून बनलेली असतात: हायवेलगतच्या मुख्य दारापासून कृष्णगिरी उपवनापर्यंतचा भाग, म्हणजे बोटिंग, सफारी, गांधी टेकडी आणि बागा. उद्यान आहे सुमारे १०४ चौरस किलोमीटर, मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत. गर्दी या पुढच्या कोपऱ्यात अडते म्हणूनच मागे माणसाची वर्दळ कमी राहते. तेव्हा सेवा जोखायची तर आधी हे ठरवावं की तुम्हाला बाग हवी आहे की जंगल.

बाग हवी असेल तर लवकर जा आणि दहाच्या आत मोकळे व्हा. सोमवारी उद्यान बंद असतं, आतली कान्हेरीची बौद्ध लेणीही. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिकिटाची रांग, सफारीची रांग आणि परतीच्या बसची रांग या तिन्हींत मिळून सहलीचा निम्मा दिवस जातो. सफारीतले वाघ-सिंह कुंपणातले आहेत. जाळी लावलेल्या बसमधून छोटा फेरा होतो. लहान मुलांसाठी ठीक आहे, पण त्याला 'वन्यजीव दर्शन' म्हणू नये. या जंगलात मोकळा फिरणारा मोठा शिकारी प्राणी म्हणजे बिबट्या, आणि तो बसच्या वेळापत्रकाप्रमाणे दिसत नाही.

पैसे आणि वेळ वसूल होतात ते कान्हेरीच्या रस्त्यावर. दारापासून लेणी साधारण सहा किलोमीटर, डांबरी रस्ता, शेवटी चढ. चालत दीड-दोन तास धरा. भाड्याची सायकल घेणार असाल तर ताब्यात घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून आणि चेन फिरवून बघा. चढ जातो कसाबसा, गडबड होते ती उतारावर. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, उद्यानाच्या तिकिटापेक्षा वेगळं. शंभराहून अधिक लेणी एकाच बसाल्टच्या टेकडीत आहेत. बहुतेक जण तिसऱ्या लेण्यातला चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, बघून, फोटो काढून परततात. तेवढ्यावर थांबू नका. बहुतेक विहारांच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यांच्या, बाजूला पाण्याची पोढी (कातळात कोरलेलं टाकं) आहे आणि वरच्या कातळावर पाणी तिच्यात आणून सोडणारे पन्हाळे कोरलेले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये ही व्यवस्था वाहताना दिसते, म्हणून लेण्यांसाठी पावसाळाच खरा हंगाम. फक्त कातळावर शेवाळ असतं. चपटे तळवे असलेली चप्पल म्हणजे हमखास घसरगुंडी. ४१व्या लेण्यातला अकरा शिरांचा अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व आणि ९०व्यातले पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख बघायला वर चढावं लागतं, त्यामुळे तिथे शांतता मिळते.

माकडांबाबत पाट्या आहेत, पाळणारे कमी. वेफर्सचं पाकीट हातात दिसलं की ते गेलंच समजा. खाणं बंद डब्यात, डबा पाठपिशवीत, आणि पिशवी पाठीवरच. पायथ्याशी पाड्यांवरच्या बाया काकडी, पेरू, हंगामात करवंदं-जांभळं विकतात. पॅकबंद खाऊपेक्षा हा रानमेवा केव्हाही बरा.

खरं जंगल हवं असेल तर शिलोंडासारख्या पायवाटेला जा. तिथे मनाने शिरता येत नाही. निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. हा नियम जाचक वाटतो, पण तो योग्य आहे. वाट ओढ्याच्या काठाने जाते आणि वर पाऊस झाला तर ओढा बघता बघता फुगतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कपडे मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. अत्तर नको. गट लहान असेल तरच पक्षी दिसतात. तीस जणांच्या शाळकरी फेरीत दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. ठाण्याकडून येऊरची बाजू याच जंगलाची, तुलनेने निवांत. खाडीपलीकडचा नागला भाग तर बहुतेकांना माहीतही नसतो, आणि तुंगारेश्वरच्या जंगलाकडे जाणारा दुवा तोच आहे.

विहार आणि तुळशी तलाव मात्र सहलीत धरू नका. ते महापालिकेच्या ताब्यात आहेत, आत सहज सोडत नाहीत. तक्रार करण्याआधी एवढं लक्षात घ्या: विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, आणि दोन्ही आजही शहराला पाणी देतात. पाणलोट क्षेत्र स्वच्छ ठेवायचं म्हणून भोवतालची जमीन मोकळी राखली गेली. हे जंगल टिकण्यामागे बिबट्यापेक्षा नळाच्या पाण्याचा हात मोठा आहे.

व्यवस्थापनाचं सर्वांत कच्चं अंग म्हणजे उद्यानाच्या हद्दीच्या कडा. १९९७च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मोठ्या प्रमाणावर अतिक्रमणं हटवली गेली, भिंतही बांधली गेली. पण भिंतीपलीकडे वस्त्यांचा आणि सोसायट्यांचा कचरा साचला की त्यावर कुत्री पोसली जातात, आणि कुत्रा हे इथल्या बिबट्याचं मोठं खाद्य आहे. म्हणजे कचराकुंडी उघडी ठेवणं हे बिबट्याला आवतणच. २०१५च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे) गणनेत ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ला उद्यान आणि भोवतालच्या पट्ट्यात मिळून ४७. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय उलटतो: रिकाम्या हद्दीत नवा येतो आणि सोडलेला अनोळखी जागी बावचळतो. कडेला राहणाऱ्यांनी रात्री एकट्या मुलाला बाहेर पाठवू नये, उघड्यावर शौचाला बसू नये, वाटेवर दिवा असावा, आणि बिबट्या दिसला तर घेराव न घालता त्याला निघायची वाट द्यावी. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. फोन करताना नुसता भाग नाही, जवळची खूण आणि प्राणी कोणत्या दिशेला गेला हेही सांगा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. फेब्रुवारीपासून पानगळ वाळते आणि विडीचं एक थोटूक वणव्याला पुरतं. वाटेत गवत काढून मोकळी केलेली पट्टी दिसली तर ती वणवा पुढे पसरू नये म्हणून राखलेली जाळरेषा आहे, सहभोजनाला तयार केलेली जागा नाही. अशा पट्टीवर चूल मांडणारे गट दिसले तर दारावरच्या वनरक्षकाला सांगा.

गुणच द्यायचे तर पाचपैकी: कान्हेरी साडेचार, वाटाड्यासोबतची पायवाट चार, सफारी दोन, रविवारची दुपार एक.