वाघोडिया रोडवरील टायरचे दुकान : विक्रीआधी हवा पाहणारे

बडोद्यात टायर मिळणे ही अडचण कधीच नव्हती. लिमड्याला अपोलोचा आणि हालोलला सिएटचा, असे दोन मोठे कारखाने शहराच्या जवळच आहेत आणि बहुतेक सर्व कंपन्यांचा माल इथल्या बाजारात सहज उपलब्ध असतो. अडचण असते ती आपल्या गाडीला नेमके काय लागते हे शांतपणे पाहून सांगणारा दुकानदार मिळण्याची. वाघोडिया रोडवरील एका दुकानात मला तसा दुकानदार भेटला. तिथले काम मी जवळ उभे राहून पाहिले आहे आणि छोटी गाडी वापरणाऱ्या बडोद्यातील मराठी कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आमची गाडी पाच माणसांची साधी हॅचबॅक आहे आणि तिच्या टायरचे माप 165/65 आर 14 आहे. दिवाळीत सर्वांना घेऊन पुण्याला जायचे होते, म्हणून चारही टायर बदलण्याच्या तयारीने मी दुकानात गेलो. मालकांनी भाव सांगण्याआधी चालकाच्या बाजूचे दार उघडून दाराशेजारच्या खांबावरचा स्टिकर वाचला. आमच्या गाडीसाठी त्यावर 33 पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) लिहिलेले आहे. त्यानंतर त्यांनी प्रत्येक टायरला मीटर लावला आणि आकडे कागदावर टिपले. मागचा डावा टायर 26 वर आला होता. त्यांनी व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडले, तेव्हा बुडाशी बारीक बुडबुड्यांची माळ धरली. टायर शाबूत होता, व्हॉल्व्हचे रबर मात्र तडकले होते. एरवी अशा वेळी पंक्चर नाही असे सांगून हवा भरून देतात आणि पंधरवड्याने तीच गाडी पुन्हा दारात येते.

हवेच्या दाबाचा विषय आपल्याकडे फार हलक्यात घेतला जातो, असे मला मनापासून वाटते. पंपावरचा मुलगा गुजरातीत ‘केटली?’ (किती?) विचारतो आणि आपण ‘पांत्रीस’ (पस्तीस) म्हणून मोकळे होतो. तो आकडा कुठून आला, याचा विचार सहसा कोणी करत नाही. टायरच्या कडेवर 44 किंवा 51 असा जो आकडा कोरलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. आपल्या गाडीसाठी योग्य दाब कोणता, हे गाडी बनवणाऱ्या कंपनीने दारावरच्या स्टिकरवर दिलेले असते. पुष्कळ गाड्यांच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक नेहमीसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. मागे तीन माणसे बसवून आणि डिकीत फराळाचे डबे भरून लांबच्या प्रवासाला निघताना दुसरा आकडा पाहावा लागतो.

शिवाय हा आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर सावकाश चाललेली असावी, तेव्हाचे मोजमाप खरे. महामार्गावर तासभर धावलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआय वाढलेला दिसतो, आणि तो जास्त आहे असे समजून हवा सोडली तर सकाळी तोच टायर कमी भरलेला आढळतो. तापमान 10 अंशांनी बदलले की दाब साधारण दीड-दोन पीएसआयने बदलतो. मे महिन्यातील दुपारी 42 अंशांत बरोबर भरलेला टायर जानेवारीच्या पहाटे 12 अंशांवर चार-पाच पीएसआयने उतरलेला असणार, मग त्यातून हवा गळलेली नसली तरी. त्यातच निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जातेच. हे सगळे मालकांनी माझ्याशेजारी उभ्या असलेल्या एका तरुण मुलीला, तिची पहिलीच गाडी होती, अतिशय संयमाने समजावून सांगितले, आणि ते ऐकूनच या दुकानाबद्दल माझे मत पक्के झाले.

कमी हवेचा धोका जास्त हवेपेक्षा गंभीर आहे, हे त्यांनी आमच्याच जुन्या टायरवर दाखवले. मागच्या डाव्या टायरची नक्षी दोन्ही कडांना घासली होती आणि मध्ये शिल्लक होती, म्हणजे तो दीर्घकाळ कमी हवेवर चालला होता. हवा जास्त असती तर मधला पट्टा आधी झिजला असता. कमी हवेच्या टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्याने आतले थर तापतात, आणि अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे हे एक मोठे कारण असते. पुढच्या उजव्या टायरवरून त्यांनी आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत तळवा फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. एका दिशेने हात गुळगुळीत सरकत होता, दुसऱ्या दिशेने बोटांना नक्षीच्या धारा लागत होत्या. पुढच्या चाकांची दिशा बिघडल्याची ती खूण होती. अलाइनमेंट न करता नवा टायर चढवला असता तर तोही तसाच झिजला असता.

शेवटी चारपैकी दोनच टायर बदलायचे ठरले. उरलेल्या दोन टायरमध्ये नक्षी पुरेशी खोल होती. खाचांमध्ये जो झिजेचा उंचवटा असतो तो 1.6 मिलिमीटरची मर्यादा दाखवतो, आणि तो अजून बराच खाली होता. चार टायर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दोन विकणारा दुकानदार आजच्या काळात विरळाच. नवे दोन टायर त्यांनी मागच्या चाकांवर चढवले. इंजिन पुढची चाके ओढते, तेव्हा चांगले टायर पुढे हवेत असे अनेकांना वाटते, आणि तेथे आलेल्या एका काकांनी तसा आग्रहही धरला. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाच्या हातून निसटते, हे मालकांनी त्यांना पटवून दिले.

कोणता टायर घ्यावा याबाबत त्यांचा सल्ला समतोल होता. सिएट मायलेज़ किंवा अपोलो अमेझर यांसारखे टायर दीर्घ आयुष्यासाठी ओळखले जातात, तर मिशेलिनच्या एनर्जी मालिकेची जाहिरात ओल्या रस्त्यावरील ब्रेकवर भर देते. सर्वसाधारणपणे कडक रबर जास्त किलोमीटर चालते आणि मऊ रबर रस्ता घट्ट धरते. दोन्ही गुण एकाच टायरमध्ये पूर्णपणे मिळत नाहीत. विश्वामित्रीच्या ऑगस्ट 2024 च्या पुराने आणि त्यानंतरच्या खड्ड्यांनी बडोदेकरांना ओल्या रस्त्यांची पुरेशी ओळख करून दिली आहे, आणि टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो हे लक्षात घेतले, तर माझा कौल पकडीच्या बाजूने आहे. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीला एक लाख किलोमीटरचा टायर घेण्यात अर्थ नाही, कारण तेवढे अंतर होण्याआधीच रबर वयाने कडक होऊन तडकते.

मी 175/65 मापाचा, थोडा रुंद टायर बसेल का, असेही विचारले होते. बसतो, पण चाकाचा व्यास सुमारे सव्वादोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे काटा 60 दाखवत असताना गाडी जवळजवळ दीड किलोमीटर अधिक वेगाने जात असते, आणि पेट्रोलही थोडे जास्त जळते. त्यांनी मूळ मापावरच राहण्यास सांगितले, ते मला पटले. मापापुढील 79 टी या खुणेचा अर्थ प्रत्येक टायर 437 किलो भार आणि ताशी 190 किलोमीटर वेग सोसू शकतो असा आहे. त्याहून कमी खुणेचा स्वस्त टायर कोणी गळ्यात मारू पाहिला तर घेऊ नये. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार आकडे त्यांनी स्वतःहून दाखवले. 2324 असे लिहिलेले असेल तर तो 2024 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.

दुकानाचे उणे तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवे. भिंतीवर ‘नायट्रोजन भरा, मायलेज वाढवा’ असा मोठा फलक आहे. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. कोरड्या नायट्रोजनने दाब थोडा स्थिर राहतो हे खरे असले, तरी मायलेज वाढते ते योग्य दाबाने, आणि तो साध्या हवेनेही राखता येतो. मालकांनी आग्रह केला नाही, तरी इतक्या जाणत्या दुकानात तो फलक शोभत नाही. दुसरी तक्रार नटांची. कामाचा मुलगा हवेच्या बंदुकीने नट आवळून मोकळा झाला; टॉर्क पान्याने, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, तपासून घ्या, असे मला सांगावे लागले. पाना दुकानात होता आणि त्याने लगेच आणलाही, पण गिऱ्हाइकाने सांगेपर्यंत तो भिंतीवर टांगलेला राहू नये. बंदुकीने अति आवळलेले नट रस्त्यात स्टेपनी बदलताना घरातल्या कोणालाही सुटत नाहीत. स्टेपनीची हवाही मी म्हटल्यावरच पाहिली गेली. ती 20 वर होती.

खर्च टायरमागे चार हजारांच्या आसपास आला आणि नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग व अलाइनमेंट वेगळे. टायरवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, आणि बिलात तो तसाच लावला होता. वॉरंटीसाठी दोन्ही टायरचे क्रमांक बिलावर हाताने लिहून दिले. शनिवार-रविवारी तिथे मोठी रांग लागते, म्हणून आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, दुकान उघडताच जावे. घर जवळ असेल तर टायर तोपर्यंत थंड असतात आणि पहिला आकडा खरा मिळतो.